मसाल्याशेजारचं पोतं

माझं नाक गेलं त्याला चार वर्षं होऊन गेली. तो मोठा ताप घरोघरी आला होता तेव्हा गेलं. शेजारपाजारच्या सगळ्यांचं परत आलं तसं आपलंही येईल, म्हणून मी कुणाला बोललो नाही. नाही आलं. मग इतके दिवस का सांगितलं नाही, हे सांगणं जास्त अवघड होऊन बसलं. आमच्या हिने कोलंबीला फोडणी दिली की मी मुद्दाम जोरात म्हणायचो, "काय घमघमाट सुटलाय!" आणि ती खूश व्हायची.

दुसरा कुणी असता तर त्याला एवढं काही वाटलं नसतं. पण माझं पोट नाकावर चाललेलं. परळची गिरणी गेल्यावर मी दादरला एका कॉफीच्या दुकानात भट्टीवर लागलो आणि पस्तीस वर्षं दाणा भाजला. शिक्षण चौथी, तीसुद्धा कशीबशी. पण भट्टीसमोर उभा राहिलो की मालक मागे सरायचा. काढ म्हटलं की काढायचं, माझ्या शब्दापुढे शब्द नाही. तो रुबाब मी म्हातारपणी सोडणार नव्हतो.

माझ्या मुलाची मुलगी शिकली-सवरली, नोकरी केली, सोडली आणि ठाकूरद्वारला एका वाडीच्या तोंडाशी कॉफीचं दुकान टाकून बसली. दुकान म्हणजे चार टेबलं आणि कोपऱ्यात भाजायचं छोटं मशीन. मशीनवर मी. येईल त्या गिऱ्हाइकाला ती सांगायची, "हे माझे आबा. यांच्या नाकाएवढं भारी मशीन अजून कुठल्या कंपनीने काढलेलं नाही." मी मान ताठ करून उभा राहायचो आणि आतून पाणी पाणी व्हायचो.

आता नाक नसताना मी भाजत कसा होतो? कानाने. दाणा तापला की फुटायला लागतो, ज्वारीच्या लाह्यांसारखा, पण दबक्या आवाजात. आमच्या जुन्या दुकानात आम्ही तो पार काळा, तेलकट होईपर्यंत ठेवायचो, वर चिकोरी घालायचो. नातीला तसा नको असतो. तिला पहिली फूट संपता संपता बाहेर हवा, बदामाच्या सालीच्या रंगावर. कान आणि डोळे शाबूत होते. फूट ऐकायची, रंग बघायचा, नाक उगाच झाकणाजवळ न्यायचं आणि म्हणायचं, "आला वास. काढ." चार वर्षांत एकदाही पकडला गेलो नाही.

तिचा दाणा येतो लांबून, ओडिशाच्या डोंगरातून. तिथे एक आदिवासी नवरा-बायको आहेत. घरामागच्या उतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत त्यांची थोडीशी कॉफी. नात स्वतः तिकडे जाऊन राहून आली. तिचा नियम असा की भाव आधी, शेतकऱ्याच्या तोंडावर ठरवायचा, मधे दलाल नको, आणि पुडीवर त्याचं नाव आणि त्याच्या पाड्याचं नाव छापायचं. मी एकदा म्हटलं, "दाण्याला नाव कशाला लागतं गं? भाजला की सगळा सारखाच."

"आबा, गिरणीत एवढी वर्षं कापड विणलंत, त्या कापडावर तुमचं नाव होतं का?"

"नव्हतं."

"मग वाईट नाही वाटलं कधी?"

पोरगी बोलण्यात ऐकत नाही कुणाला.

गेल्या एप्रिलमध्ये तिने त्याच शेतकऱ्याचं एक पोतं मागवलं, वीस किलोचं, त्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या तोडणीचं. बाकीचा माल त्याच्या घरीच होता. एक मोठे खरेदीदार ते पोतं चाखायला दुकानात येणार होते. मुंबईतल्या पुष्कळ कॉफीच्या दुकानांना हेच गृहस्थ दाणा पुरवतात. त्यांना पसंत पडला, तर त्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या पाड्यावरच्या चार-पाच घरांचा सगळा माल ते दर वर्षी घेणार. नाही पडला, तर पुन्हा बाजारातला व्यापारी, जो सगळ्यांचा माल एका ढिगात ओततो आणि देईल तो भाव घ्यावा लागतो. हे नातीने मला दोनदा सांगितलं होतं. न कळून चूक झाली, असं म्हणायला मला जागा नव्हती.

दुकानाला तेव्हा रंग चालला होता. तिचा फोन आला, "आबा, ऑइलपेंटचा वास दाण्याला लागेल. कच्चा दाणा कुठलाही वास ओढतो. पोतं आठ दिवस घरी ठेवा. आणि प्लीज उघडू नका हं. आत जाड प्लास्टिकची पिशवी आहे, ती बांधलेलीच राहू दे."

"मला शिकवतेस?"

"नाही शिकवत. सांगतेय फक्त."

कॉटन ग्रीनच्या गोदामातून पोतं मी स्वतः टॅक्सीत घालून लालबागला घरी आणलं. आणि पहिलं काय केलं असेल, तर तोंड उघडलं. प्लास्टिकला हात लावला, गार आणि दमट लागलं. दादरच्या दुकानात एकदा प्लास्टिकमधल्या मालाला बुरशी धरली होती, तेव्हा मालकाने सगळ्यांसमोर मला झाडलं होतं. ते डोक्यात बसलेलं. दाण्याला श्वास नको का? मी सगळा दाणा नुसत्या गोणपाटात ओतला, प्लास्टिक घडी करून माळ्यावर टाकलं आणि पोतं आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवलं. आपण पोरीच्या मालाला वाचवलं, असं वाटत होतं मला.

दोन दिवसांनी आमच्या हिचा मसाला आला.

लालबागला राहणाऱ्याला मसाल्याचं सांगायला नको. वर्षाचा मालवणी मसाला, आमचा आणि मुलाच्या घरचा मिळून. मिरची निवडून, गच्चीवर वाळवून, धणे-खसखस भाजून, सगळं डंखाच्या मुसळांखाली कुटून आणायचं. गरम मसाला लगेच बरणीत भरला तर घाम धरतो, म्हणून ही तो आतल्या खोलीत जुन्या लुगड्यावर पसरते. दोन दिवस खोलीत जायचं तर नाकाला पदर लावून. मलाही शिंका आल्या. शिंका आल्या, पण वास नाही. मी तिथेच बसून पेपर वाचला, पोत्याला टेकून.

मसाला बरण्यांत गेला. वर हिंगाचे खडे गेले. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ही खोली झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, "अहो, ह्या तुमच्या पोत्याक पण मसाल्याचो वास लागलो की काय! ही कॉफी पिण्यापेक्षा तिरफळ घालून बांगड्याचा तिखला करूया."

ती हसत होती. 

"तुझ्याच नाकात बसलाय मसाला," मी ओरडलो. "सगळीकडे तोच येणार तुला."

"असात बाबा. ओरडतास कित्याक?"

ती बाहेर गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि पोत्यात तोंड खुपसलं. जोरात श्वास ओढला. एकदा, दोनदा, दहादा. काहीच नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. ही खरं बोलतेय की इतके दिवस मसाल्यात राहून तिचं नाक फसतंय, मला कळायला मार्गच नव्हता. दुसऱ्या कुणाला घरात बोलावून विचारायचं, तर तो म्हणणार, तुम्हीच बघा ना, तुमचं तर कामच हे.

संध्याकाळी मूठभर दाणे रुमालात बांधून मी नाक्यावरच्या फुलवाल्याकडे गेलो. त्याचं नाक चांगलं असणार असा माझा हिशेब.

"बघ रे, कसला वास येतो?"

त्याने हुंगलं. "गवताचा येतोय, काका. गोवऱ्या आहेत काय?"

"नीट बघ. मिरचीचा येतो?"

पुन्हा हुंगलं. "हां, मिरचीचा पण येतोय."

"का धण्याचा?"

"धण्याचा पण आहे थोडा," तो म्हणाला. "मोगरा देऊ?"

मी काय विचारेन त्याचा वास त्याला येत होता. तिथून घरी येईपर्यंत मी दोनदा थांबलो. एका डोक्याने म्हणत होतो, काही झालेलं नाही, भाजताना सगळं उडून जाईल. दुसरं डोकं त्या उतारावरच्या नवरा-बायकोला बघत होतं, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. तोडायचं, सोलायचं, धुवायचं, महिनाभर वाळवायचं. आणि मी ते मिरचीत बुडवलं असेल तर?

नातीला फोन लावायचा म्हणून तीनदा हातात घेतला. पण पोत्याचं सांगायचं म्हणजे नाकाचं सांगायचं. नाकाचं सांगितलं की मशीन गेलं. मशीन गेलं की मी कोण? चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय, बरं आहे ना" विचारणारा म्हातारा. फोन परत ठेवला.

चाखायच्या आदल्या दिवशी सकाळी नात दादर स्टेशनवरून त्या शेतकऱ्याला आमच्या घरी घेऊन आली. खरेदीदाराने माणूस बघितला पाहिजे, असा तिचा हट्ट. त्याच्या बायकोला मात्र घर आणि बकऱ्या सोडून येता आलं नव्हतं. तो बारीक चणीचा, माझ्या मुलाच्या वयाचा, पायांत नव्या चपला. हिंदी मोडकी, माझ्यासारखीच. दोघांची मोडकी म्हणून बरं जमलं. नात दुकान लावायला पुढे गेली. हिने त्याला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि तो चटणी चाटून खाताना बघून ती भलतीच खूश झाली.

जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "बाबा, मेरा बोरा किधर है?"

नेलं आतल्या खोलीत. दुसरं काय करणार? पोत्याजवळ तो उकिडवा बसला. तोंड सोडलं. ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि थांबला. ओंजळ खाली केली. एक दाणा दातांखाली धरून फोडला. मग मान वळवून माळ्यावरच्या बरण्यांकडे बघितलं. लाल बरण्या, ओळीने.

"प्लास्टिक कहाँ है, बाबा?"

"निकाला. दम घुटता है दाने का."

त्याने नुसती मान हलवली.  वाटलं, आता हा म्हणेल. म्हणाला तर एकदाचा सुटेन, असंही वाटलं. पण त्याने बाही कोपराच्या वर सरकवली, हात खांद्यापर्यंत पोत्यात घातला आणि अगदी मधला दाणा बाहेर काढायला लागला. एकेक मूठ हुंगायची, मग पिशवीत टाकायची. काही मुठी परत पोत्यात जात होत्या.

"बीच का लेंगे," एवढंच बोलला.

दुपारी ठाकूरद्वारला मी तो मधला दाणा भाजला. शेतकरी माझ्या उजव्या अंगाला उभा. दाणा फुटायला लागला, रंग चढला. नातीने नेहमीसारखं विचारलं, "आबा, वास कसा आहे?"

मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भट्टीवर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने डोळे जरासे मिटले, उघडले.

"छान," मी म्हटलं. "काढ."

म्हणजे त्याला कळलं होतं. पोत्याचंही आणि माझंही. आणि तरी गप्प. मला आधार वाटायला हवा होता, पण जास्तच भीती वाटली. ज्याचं नुकसान तोच झाकतोय म्हटल्यावर नुकसान किती मोठं असेल!

दुसऱ्या दिवशी अकराला ते खरेदीदार आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. हे लोक चाखतात ते चहा-कॉफी पिण्यासारखं नसतं. एकाच दाण्याचे पाच कप मांडतात, कारण शंभर दाण्यांत एक खराब असला तरी तो कुठल्यातरी एका कपात सापडतो. पूड घालायची, वर उकळतं पाणी, चार मिनिटं थांबायचं. मग चमच्याने वरचा थर मोडून हुंगायचं, आणि थोडं गार झालं की चमचा तोंडाशी नेऊन फुर्रकन ओढायचं. आवाज एवढा मोठा, की घरी पोरांनी केला असता तर थोबाडीत खाल्ली असती.

पहिला कप. मान हलली. दुसरा. नातीकडे बघून हसले, म्हणाले, संत्र्यासारखं लागतंय काहीतरी. नातीने माझा हात दाबला. तिसरा. चौथा. पाचवा.

मग ते परत चौथ्यावर आले.

पुन्हा ओढलं. चमचा धुतला. तिसरा ओढला, पुन्हा चौथा. मी टेबलाची कड धरून उभा होतो.

"यात काहीतरी आहे," ते म्हणाले. "तिखट. मिरची म्हणा, मसाला म्हणा."

नातीने चौथा ओढला आणि तिचं तोंड उतरलं.

ते शेतकऱ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, उलट समजुतीनेच विचारलं, "आप लोग आँगन में कॉफी के साथ मिर्ची भी सुखाते हो क्या?"

"सुखाते हैं, साब," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. आदिवासी काय, कोकणी काय, अंगण असलं की माणूस मिरची वाळवणारच. पण त्यापुढे जे सांगायचं होतं, ते तो सांगत नव्हता. नव्या चपलांकडे बघत उभा होता. खरेदीदारांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

"थांबा," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 

"मिरची त्याच्या अंगणातली नाही. माझ्या घरातली आहे. आमच्या हिचा वर्षाचा मसाला. पोतं त्याच्या शेजारी ठेवलं मी. या पोरीने उघडू नका म्हटलं होतं, मी प्लास्टिक काढून टाकलं."

"आबा, पण तुम्हाला वास नाही आला?" नात म्हणाली. "मसाला म्हणजे अख्ख्या चाळीला येतो."

"येत नाही मला. चार वर्षं कसलाच येत नाही."

 बाहेर वाडीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मग खरेदीदारांनी नातीला विचारलं, "मग आत्तापर्यंत तुमच्याकडे भाजत कोण होतं?"  ज्या नाकाचं नाव सांगून ती माल विकत होती ते नाक नव्हतंच, हे तिला असं परक्या माणसासमोर कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. 

खरेदीदारांनी बाकीचे चार कप बाजूला घेतले, पुन्हा एकदा ओढले. मग शेतकऱ्याला म्हणाले, घरी जो माल आहे त्यातला नमुना प्लास्टिकमध्ये बंद करून सरळ माझ्याकडे पाठव. यांच्याकडे नाही. माझ्याकडे. तो पाचही कपांत साफ निघाला तर पुढचं बोलू.

संध्याकाळच्या गाडीने तो निघाला. नात दुकानात तोंड फिरवून बसली होती, म्हणून स्टेशनवर मीच गेलो. त्याच्या बायकोसाठी हिने मसाल्याची छोटी बरणी दिली होती. ती हातात देताना मला लाज वाटली, आणि तो मात्र हसला.

"तुझे सब मालूम था," मी म्हटलं. "फिर बोला क्यूँ नहीं?"

"मैं बोलता, तो आपकी पोती किसका मानती, बाबा?"

 उत्तर मला माहीत होतं. माझंच मानलं असतं तिने.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. नातीचा फोन नाही. घरी हिला सगळं कळलं, तेव्हा ती पहिलं एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्या कोलंबीचो वास पण खोटोच?" आणि दोन दिवस अबोला. मग माझ्या भीतीला नव्या वाटा फुटल्या. गॅस उघडा राहिला तर? दूध करपलं तर? इतकी वर्षं ह्या गोष्टींचं भय वाटलं नव्हतं, कारण मी स्वतःपासूनच लपवत होतो. पण त्या सगळ्यावर एकच भय. तो नमुना वाटेत कुठे, कशाशेजारी ठेवला असेल? दुसरा कुणी माझ्यासारखा शहाणा निघाला असेल तर? रोज सकाळी उठलो की त्या उतारावरची घरं मोजायचो. चार की पाच, हे मी नातीला नीट विचारलंच नव्हतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका दुपारी फोन वाजला.

"आबा."

"बोल."

"पाचही साफ. सगळ्या पाड्याचा माल घेतायत ते."

मी खाली बसलो. ही धावत आली, काय झालं म्हणून.

"ऐकताय ना?" नात म्हणाली. "सोमवारी या. मशीनला तुमचे कान लागतात. पण वास मी घेणार. आणि गिऱ्हाइकांना मी खरं सांगणार आहे, आवडो न आवडो."

"बघतो," मी म्हटलं. लगेच हो म्हणणं माझ्याच्याने झालं नाही.

सोमवारी गेलो. ती झाकणाजवळ, मी दाणा बाहेर काढायच्या कडीजवळ. दाणा तापायला लागला. मी फूट ऐकत होतो, ती नाक लावून उभी होती. मला वाटलं, झालं, काढायला हवा. ती म्हणाली, "थांबा."

पस्तीस वर्षांत भट्टीवर मला कुणी थांबा म्हटलं नव्हतं. आत दाणा तडतडत होता, एकेक क्षण जड जात होता, करपतोय की काय या भीतीने माझा हात आपोआप कडी ओढायला निघाला. तिने तो बघितला.

"अजून थोडं, आबा," ती म्हणाली.

मी थांबलो.